पांढरं कडं

घड्याळजी अंथरुणाला खिळला त्याला दोन वर्षं झाली, आणि त्याच्या कोळंब्या बायकोच्या गळ्यात पडल्या. दुष्काळात तेरावा महिना! खिडकीशी काचेची टाकी, तिच्यात गोड्या पाण्यातल्या लाल, नखाएवढ्या चार कोळंब्या. माणसाने पाळायचंच तर मांजर पाळावं, हाक मारली तर निदान वळून तरी बघतं, असं तिचं मत होतं. नवरा तेवढंही करत नव्हता. झटका आल्यापासून तो उघड्या डोळ्यांनी पडून असे. भरवलं तर गिळे. एकदा, फक्त एकदाच, त्याने आपणहून हात पुढे करावा, एवढंच तिचं मागणं उरलं होतं.

टाकीत नवं पाणी घालायचं ते बारीक नळीतून, थेंब थेंब, हा त्याचा जुना नियम. दोन तास जायचे त्यात. त्या गुरुवारी शिवणाच्या मशीनवर गिऱ्हाइकांच्या सहा पँटी आखूड करून तिच्या नाकी नऊ आले होते. एरवी ती नवऱ्याचं अंग ओल्या फडक्याने पुसायची. त्या दिवशी त्याला न्हाणीघरात खुर्चीवर बसवून तिने सरळ बादली ओतली. मग टाकी अर्धी उपसली आणि तिच्यातही बादली ओतली.

"मरा मेल्यांनो," ती म्हणाली, आणि लगेच तिला वाईट वाटलं.

शनिवारी एका कोळंबीच्या मानेभोवती पांढरं कडं दिसलं. तिने शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला.

"पाणी एकदम बदललंत ना?" तो म्हणाला. "मग त्या अवेळी कात टाकायला लागतात. कवच मानेभोवती गोल चिरतं. सुटली तर सुटली, नाहीतर आतच अडकून मरते."

"काही करता येईल का हो?"

"हात लावू नका, ताई. आतलं अंग फार मऊ असतं."

संध्याकाळपर्यंत तीन मेल्या. चौथी कुठे दिसेना.

रविवारी सकाळी नवऱ्याची दाढी करताना कॉलरखाली पांढरी रेघ दिसली. साबण असेल म्हणून तिने फडकं फिरवलं. रेघ गेली नाही. बोटाला कोरडी, जराशी उचललेली कड लागली. ती मानेमागून फिरून पुन्हा पुढे आली होती.

डॉक्टर दुपारी आले. "त्वचा कोरडी झालीये, तेल लावा," म्हणाले आणि घाईने गेले. त्यांनी हात मात्र दोनदा धुतले.

सोमवारी तो बोलला. दोन वर्षांतला पहिला शब्द.

"आवळतंय."

तिचा हात त्याच्या गळ्याकडे गेला, आणि तसाच मागे आला. रडू आलं, पण कशाचं ते तिलाही कळेना.

मंगळवारी पँटी पोचवून ती घरी आली. पलंगावर त्याचा शर्ट-पायजमा होता, बटणं लावलेली. आत तो होता. पातळ, पारदर्शक, नखांसकट सगळा. मानेपाशी उघडा.

न्हाणीघराचं दार बंद होतं.

"अहो?"

आत पाणी हललं.

"दिवा लावू नकोस," त्याचाच आवाज, अगदी स्वच्छ. "मी अजून मऊ आहे."

ती दारासमोर भिंतीला टेकून खाली बसली.

दाराखालच्या फटीतून दोन लाल, केसासारख्या मिशा बाहेर आल्या. फरशी चाचपत निघाल्या. तिच्या चपलेशी थांबल्या, चपलेला वळसा घालून पुढे सरकल्या. पायाच्या अंगठ्याला लागल्या. मग हळूच घोट्याभोवती फिरल्या.

इतक्या दिवसांनी त्याने तिला आपणहून शोधलं होतं.

तिने पाय आणखी थोडा पुढे केला.