न उघडणारा पल्ला

लोणावळ्यातल्या राजेश्वरीबाईंच्या जुन्या बंगल्यात खासगी तपासनीस सविता गराडे पोचली, तेव्हा गेणू सुतार पायरीवर डोकं धरून बसला होता. पोलीस अर्ध्या तासात येणार होते.

बाईंच्या आईची बोरमाळ मागच्या खोलीतल्या कपाटातून गेली होती. खोलीला कुलूप, पण बिनगजाच्या खिडकीची एक काच अख्खी निघून बाहेर गवतावर पडलेली. त्याच खिडकीचा एक कुजलेला पल्ला गेणूनं कालच दुरुस्त केला होता.

"यात शोधायचं काय राहिलंय?" संदेश पुटपुटला. तो सविताचा मदतनीस. त्याचा निकाल नेहमी पुराव्याच्या आधी लागायचा.

"बाई, चोर ठरलो तर मेलोच की," गेणू सविताला म्हणाला. "निम्म्या बंगल्यांच्या किल्ल्या माझ्यापाशी असत्यात. कोण ठेवंल मग?"

सविता एकटीच खोलीत शिरली. चोरी कळल्यापासून बाईंनी तिथं कुणालाच सोडलं नव्हतं. दोन्ही पल्ल्यांना आतून-बाहेरून हिरवा रंग ताजा होता. तिनं दोन्ही ओढून पाहिले. रिकाम्या पल्ल्याच्या खाचेत पटाशीचे ओरखडे होते. काच धरून ठेवणारी लांबी कोपऱ्यात थोडी उरली होती. सवितानं तिला नख लावलं, तर नखच वाकलं.

खोलीबाहेर येताना तिनं पल्ले कसे होते तसे मिटले आहेत ना, हे पुन्हा पाहिलं.

"काल दुपारी काम झालं आणि मी कुलूप लावलं," बाई म्हणाल्या. "किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला असते. संध्याकाळी भाचा पुण्याहून आला. त्याला जेवताना सांगितलं, लांबी ओली आहे, काच हातानंसुद्धा निघेल, म्हणून खोली बंद ठेवलीय. आज सकाळी मी देवळात गेले, तेवढ्यात हे झालं."

कामवाली मंगल रडवेली झाली होती. "मी आत्ताच आलेय ताई. पल्ला बसवताना मीच धरला व्हता. गेणूभाऊ तसला माणूस न्हाई."

भाचा सुहास खोलीच्या दारातच उभा राहिला. त्याच्या अंगठ्याला पट्टी होती. छत्रीत चिमटला म्हणाला.

"मी या खोलीत पाऊलही ठेवलेलं नाही. पण सरळ आहे हो. काच गेली तोच दुरुस्त केलेला पल्ला. हा कसा अलगद उघडतो, तो दुसरा हलतसुद्धा नाही."

सवितानं गेणूला आत बोलावलं. रिकामा पल्ला पाहून तो चक्रावला.

"ह्यो न्हाई! मी दुसरा केलाय. ह्याची लांबी माझ्या बापाच्या हातची हाय, दगड झालीय."

"मग तुमचा पल्ला घट्ट का?"

"पावसाळ्यात लाकूड फुगतं. आत्ता रंधा मारला तर थंडीत फट पडंल. दिवाळीनंतर मारायचा असतो."

"व्हय, हितं समद्यांना ठावं हाय," मंगल म्हणाली.

"सगळ्यांना नाही," सविता म्हणाली. "परक्या चोरानं काच फोडली असती. ही काच गेणूभाऊंवर आळ यावा म्हणून काढली. पण दुरुस्त केलेला पल्ला कुठला, हे त्यांना आणि मंगलला माहीत होतं. ते मऊ लांबी सोडून ही दगडासारखी कशाला कोरतील? ही चूक अशा माणसाची, ज्याला वाटतं की दुरुस्त झालेली खिडकी अलगद उघडलीच पाहिजे. त्यानं किल्ली घेतली, दोन्ही पल्ले ओढून पाहिले आणि सोपा तो निवडला. सुहास, पाऊल न ठेवता दारातून तुम्हाला कसं कळलं की दुसरा हलत नाही?"

सुहास अंगठ्याची पट्टी कुरवाळत राहिला.

"आत्या, गहाण ठेवून नंतर सोडवून आणणार होतो मी ती," तो शेवटी म्हणाला. बोरमाळ त्याच्या छत्रीच्या घडीत सापडली.

राजेश्वरीबाईंना गेणूकडे बघवेना. "चुकले मी. दिवाळीत मुलीकडे जाईन, तेव्हा किल्ली नेहमीसारखी तुझ्याकडेच. माझ्या माघारी येऊन रंधा मार."

गेणूनं गवतावरची काच उचलली, सदऱ्यानं पुसली आणि भिंतीला नीट टेकवून ठेवली.

"मारीन की, बाई," तो म्हणाला. "पर तुमी परत आल्यावर. तुमी घरात असाल तवाच."