उजव्या खिडकीतला आवाज

यातलं काहीच ऐकीव नाही. पहिल्या वेळी मी स्वतः त्या गाडीत होते.

रविवार, २० मार्च १९९४. दुपारचे सव्वातीन. अंबाडीच्या पुढचा, डोंगरातून उतरणारा मातीचा रस्ता. लख्ख ऊन होतं.

माझे बाबा, रामनाथ, भिवंडीत ट्रक दुरुस्त करत आणि मोटार रॅलीत गाडी चालवत. दोनदा चॅम्पियन. लोक विचारत, "जिंकता कसं?"

बाबा म्हणत, "जिंकायच्या वेळी रस्ता दिसत नाही. ऐकू येतो."

ते खरंच होतं. रॅलीत चालकाच्या शेजारी एक वाचणारा बसतो. आधी रस्ता फिरून टिपलेलं एकेक वळण तो वहीतून ओरडून वाचतो. "शंभर मीटर, उजवं, आखूड." धुरळ्यात चालकाला पुढचं दिसतच नाही. तो ऐकतो आणि वळतो.

अकरा वर्षं खारबावचे दामूकाका वाचत होते. त्या जानेवारीत ते काविळीने गेले. बाबांनी गाडीवर कापड टाकलं. मग एक दिवस वही माझ्यापुढे धरली.

"मंदा, वाच."

मी वीस वर्षांची होते. वाचायची सवय मला भरपूर होती, पण घरात बसून.

शेवटच्या टप्प्यात चूक झाली. घामाने वहीची दोन पानं चिकटली आणि मी ती एकदमच उलटली.

"डावं, लांब," मी ओरडले.

समोर उजवं वळण होतं... डावीकडे दरी.

बाबा उजवीकडे वळले.

माझा आवाज बंद झाला. हवं ते पान सापडेना.

पुढचं वळण बाबांनी घेतलं. त्याच्या पुढचंही. ब्रेकला पाय न लावता.

मग ते म्हणाले, "परत सांग."

मी काही बोललेच नव्हते...

क्षणभर थांबून त्यांनी मान हलवली. "हां." आणि गाडी वळवली.

असे चार किलोमीटर. मी पूर्ण गप्प. त्या टप्प्यात सगळ्यात कमी वेळ आम्हाला लागला. आम्ही जिंकलो.

संध्याकाळी पेढे घेऊन खारबावला गेलो. दामूकाकांची बायको, बकुळाकाकी, दारातच उभी होती.

"भाऊजी, पोरीनं जिंकवलं म्हनं तुमाला?"

"अगदी दामूसारखी वाचली," बाबा म्हणाले.

"मंग शिव्या पन तशाच दिल्या का गं? आमचं येडं तर झोपंत पन वलनं वाचायचं. मला म्हनायचं, सरक उजवीकं!"

ती हसली. मग पदर तोंडाला लावून आत गेली.

परतताना बाबा खुशीत होते. "पुढच्या वर्षी पण तूच."

पुढच्या वर्षी मी अशीच चुकले आणि तेव्हा कुणीच बोललं नाही, तर? दोघंही दरीत.

"बाबा, शेवटचे चार किलोमीटर मी वाचलं नाही."

बाबांनी गाडीचा वेग कमी केला.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"मग कोण...?"

"दामू."

थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "फक्त एक आहे. दामू डावीकडे बसायचा. हा आवाज उजवीकडून येत होता... माझ्या खिडकीतून."

"धावत्या गाडीच्या बाहेरून? मग ते दामूकाका कशावरून?"

बाबांनी आपल्या बाजूची काच वर केली.

त्यानंतर त्यांनी मला वाचायला कधीच बोलावलं नाही. कुठल्या रॅलीत नावही दिलं नाही. पण दर रविवारी दुपारी एकटेच गाडी घेऊन अंबाडीकडे जात. "सराव," म्हणत. परत येत तेव्हा चेहरा फुललेला असे. उजवा खांदा धुळीने माखलेला.

"मी येऊ?" मी एकदा विचारलं.

"तू घाबरतेस."

मी घाबरत होतेच. हट्ट धरला नाही. ती बोच अजून माझ्याकडे आहे.

नोव्हेंबर १९९७. रविवार. बाबांची गाडी दरीतून वर काढली तेव्हा मी तिथे पोचले होते. पंचनामा करणारा हवालदार डोकं खाजवत होता.

"ताई, बघा ना. अर्धा किलोमीटर रस्ता सरळ हाय. टायर फुटला न्हाय, ब्रेक मारला न्हाय. झोप लागली आसंल."

मीही स्वतःला तेच सांगते. झोप लागली असेल.

पण मी मातीतल्या चाकांच्या खुणा पाहिल्या आहेत. झोपलेल्या माणसाची गाडी भरकटत जाते. या खुणा भरकटलेल्या नव्हत्या. एका जागी नेमक्या सुरू झालेल्या, डावीकडे सुरेख गोलाईत गेलेल्या... थेट कडेपर्यंत.

जिथे वळणच नव्हतं, तिथे बाबांनी वळण घेतलं होतं.

आणि बाबा ऐकल्याशिवाय कधी वळत नसत.