दाढीवाला वाघोबा

"ताने, लवकर ये! वाघोबाला दाढी फुटली!"

फागूची हाक ऐकून त्याची बहीण तानी शेणाचे हात तसेच घेऊन धावली. दिवाळीची सुट्टी लागली होती. फागू आणि त्याचा सोबती जिव्या जव्हारच्या शाळेतून पोशेऱ्याला आले होते. आज वाघबारस! पूजेआधी चांदीच्या नाण्यावरच्या वाघोबाचा जुना शेंदूर खरवडायला दोघं बसले, तर शेंदूर चक्क ओला! आणि खाली वाघ नव्हताच. होता दाढीवाला एडवर्ड बादशहा!

"हा तर रुपया!" जिव्या ओरडला.

तानी तशीच बाकडे धावली. वाघोबा सांभाळायचा मान त्यांच्या बाचा, नवसूचा. संध्याकाळी देव नसला, तर मान जाईलच. शिवाय वर्षभरात वाघानं कोणाचंही ढोर नेलं, तरी दोष बाच्याच माथी!

"बा, वाघोबा कोणाला दिलेलास?"

"मुंबईच्या रावसाहेबांनी सकाळी बघाय मागितला... मी बैलांना पाणी दावाय गेलो," नवसू चाचरला.

पाड्यावर मुक्कामाला आलेले रावसाहेब जुनी नाणी जमवत. "डच लोक स्पेनच्या राजाशी स्वातंत्र्यासाठी लढले, तेव्हाचं हे नाणं. फार दुर्मीळ!" असं वाघोबा पाहून त्यांनीच सांगितलं होतं. विकत मागितलं, तेव्हा नवसूनं कानांवर हात ठेवले होते. आणि आता त्यांची गाडी जव्हारच्या वाटेला लागली होती!

"पळा! आडवाटेनं घाटात गाठू!" जिव्या म्हणाला.

"गाठून काय? सायबाचे खिसे कोण तपासणार?"

"वाघ तपासंल!" म्हणत फागूनं रिकामं मडकं उचललं.

वाघबारशीला एक पोर वाघ बनतं आणि बाकीचे गुराखी त्याला दरडावून शिवाराबाहेर हाकलतात. त्या खेळात फागूसारखी डरकाळी कोणालाच जमत नसे.

तिघं धापा टाकत झुडपात दडले. गाडी वळणावर आली. फागूनं मडक्यात तोंड घातलं.

"ऑऑंव!"

बैल बुजले. गाडीवान उडी टाकून पसार! जिव्यानं धावत जाऊन कासरा पकडला. रावसाहेब कोटाचा खिसा गच्च धरून लटलट कापत होते.

तानी पुढं झाली. "सायब, वाघोबा नेणाऱ्याच्या मागं वाघ लागतो!"

"ऑऑंव!"

"घे बाबा! तुझा तू घे, पण मला सोड!" रावसाहेबांनी नाणं रस्त्यात भिरकावलं. दोन पायांवर उभा, शेपूट उगारलेला वाघोबा तानीनं झटकन उचलला.

एवढ्यात डरकाळी ऐकून नवसू, पाटील आणि अख्खा पाडा काठ्या घेऊन धावत आला. झुडपातून मडकं घेतलेला वाघ बाहेर पडला, तसे रावसाहेब भडकले.

"लबाड कार्ट्यांनो! तो सिंह आहे, सिंह! परदेशी सिंह! तुमचा वाघोबा नव्हेच!"

"मंग भिऊन टाकलात कशाला?" तानीनं विचारलं.

हशाचा स्फोट झाला! रावसाहेबांना मान वर करवेना. नवसूनं फागू-तानीला जवळ ओढलं. त्याचे डोळे भरून आले होते. पाटील जिव्याची पाठ थोपटत म्हणाले, "नवसू, मान तुझाच. पर औंदा वाघोबा या पोरीच्या हातानं बसंल!"