आत घेतलेला फ्रॉक

शिवणवाल्या बाईचा एक नेम होता. लहान मुलांचा कपडा ती कधीच अंगाबरोबर शिवायची नाही. आत दोन बोटं कापड दुमडून ठेवायचं, पोर वाढलं की उसवून बाहेर काढायचं. "पोरं काय, बघता बघता ताडमाड होतात," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. त्यामुळे आपल्याच आठ वर्षांच्या लेकीचा शाळेचा फ्रॉक बाहेर काढायचा सोडून आत घ्यायची वेळ आली, तेव्हा तिला आधी स्वतःचाच राग आला. दमल्या डोळ्यांनी माप चुकलं असणार, दुसरं काय!

आणि दमायला कारणही होतं. बाळ चार महिन्यांचं. नवरा छापखान्यात कामाला, घरी आला की आडवा. बाळ दिवसभर रडायचं. ताप नाही, पोटदुखी नाही. "काही मुलं रडतातच हो," म्हणून डॉक्टरीणबाईंनी हात झटकले. बाईचा जीव नुसता मेटाकुटीला आला होता. मशीनवर बसल्या बसल्या डुलकी लागली आणि एकदा सुई बोटात गेली, तरी ती ओरडली नाही. ओरडायलाही अंगात बळ लागतं.

थोरलीचं म्हणाल, तर तिचा बाळावर जीव होता आणि रागही तितकाच. त्याच्या मानेचा वास घेत बसायची आणि मधेच म्हणायची, "हा आला आणि मी ताई झाले. मला कुणी विचारलं?" आधी घरात तिला छकुली म्हणायचे. आता कुणी म्हणत नव्हतं. मुद्दाम नाही हो, राहूनच गेलं.

एका दुपारी बाळाने आकांत मांडला. आई वैतागून म्हणाली, "ताई, बघ गं जरा त्याच्याकडे. मला पाच मिनिटं पडू दे." थोरली पाळण्यावर वाकली, त्याच्या कानात काहीतरी कुजबुजली. बाळ गप्प. अगदी हूं की चूं नाही. आई तासभर झोपली. मग रोजचंच झालं. शाळेतून यायचं, दप्तर टाकायचं, पाळण्याशी जायचं, की आईला झोप मिळायची. "गुणाची पोर आहे माझी," बाई शेजारणीला सांगायची.

आत घेतलेला फ्रॉक आठ दिवसांत पुन्हा ढगळ झाला. बाईने फीत काढली. छाती साडेतेवीस. वहीत तीन महिन्यांपूर्वीची पंचवीस लिहिलेली. फीत ताणली असेल म्हणून तिने ती लाकडी पट्टीवर धरून पाहिली. फीत बरोबर होती. उंची घेतली, तीही दोन इंचांनी कमी. मग, का कोण जाणे, ती बाळाकडे वळली. परवा शिवलेलं झबलं त्याच्या काखेत रुतत होतं.

"पोरगी लहान होतेय," तिने नवऱ्याला सांगितलं.

"तू दमली आहेस," तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

दुसऱ्या दिवशी तिने लेकीला समोर बसवलं. "ताई, तू त्याच्या कानात काय सांगतेस?"

थोरली पायाने फरशी घासत राहिली. चप्पल तिच्या टाचेमागे दोन बोटं उरत होती. "त्याला मोठं व्हायची घाई झालीय, आई. म्हणून रडतो. मी म्हटलं, माझ्यातलं घे थोडं. मला नकोच आहे."

बाईने तिला ओढून जवळ घेतलं. "आजपासून पाळण्याकडे फिरकायचं नाही. कळलं? तू माझी छकुलीच आहेस."

पोरीचा चेहरा उजळला. मग ती एकदम रडवेली झाली. "आधी का नाही म्हणालीस गं? आता तो विचारत नाही. नुसतं घेतो."

त्यानंतर बाईने तिला शाळेतही धाडलं नाही. मशीनपाशी, हाताच्या अंतरावर बसवून ठेवलं. पाळण्यातून रडणं चालूच. तीन दिवस बाईच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

चौथ्या दुपारी तिने लेकीचा हात मुठीत घट्ट धरला. नुसते डोळे मिटते, ती स्वतःशी म्हणाली, हात काही सोडायची नाही.

रडणं थांबलं.

तिला ते कळलं. मुठीतला हात लहान झाला, तेही कळलं.

मग आणखी लहान.

पापण्या उचलेनात.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. मूठ रिकामी होती. पाळणा हलत होता आणि आत कुणीतरी रडत होतं. अगदी बारीक, ओल्या आवाजात, काही दिवसांच्या बाळासारखं.

पाळण्याची दोरी धरून उघड्या अंगाचा एक मुलगा पाठमोरा उभा होता. बाईच्या नजरेने सवयीने माप घेतलं. छाती पंचवीस.

त्याने वळून पाहिलं. "आई, तू पड जरा," तो म्हणाला. "मी बघतो बाळाकडे."

किंचाळण्यासाठी बाईने तोंड उघडलं, आणि तिला जांभई आली.