नजरेची उंची

आईच्या मुलाखतीसाठी अपेक्षाने खिडकीजवळचा दिवाण निवडला, कारण सकाळी नऊनंतर तिथे सारखा, मऊ उजेड असतो. भिलाईतल्या मरोद्याचं हे कारखान्याचं क्वार्टर वडिलांच्या नावावर होतं. ते फेब्रुवारीत गेले, मेअखेर घर सोडायचं होतं. वडील गेल्यापासून अपेक्षाला एकदाही रडू आलं नव्हतं, आणि त्याचं तिला नवलही वाटत नव्हतं. नागपूरला ती दुसऱ्यांच्या फिल्म एडिट करायची. ही तिची स्वतःची पहिली. विषय सरळ होता: आई आणि अन्नपूर्णा मावशी, सख्ख्या बहिणी, वीस वर्षं एकमेकींशी का बोलल्या नाहीत. कॅमेरा अपेक्षाचा, आवाज धाकट्या बहिणीकडे, नीतूकडे. तिसरं माणूस नाही.

"आई, लेन्समध्ये नको बघू. माझ्याकडे बघ," असं सांगून ती कॅमेऱ्याच्या उजवीकडे स्टुलावर बसली.

आई छान बोलली. शाळा, पाण्याच्या टाकीवरची भांडणं, कारखान्याच्या पाळीवरून येणारे तिचे बाबा. पण बोलताना बघत राहिली डावीकडे, खाली, फरशीपासून दोनेक फुटांवर. लाजत असेल, असं अपेक्षाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी अपेक्षा आणि नीतू भिलाई-तीन वस्तीत मावशीकडे गेल्या. घर रुळांना लागून. मालगाडी आली की नीतू हात वर करायची, मावशी वाक्य अर्ध्यात सोडायची, गाडी गेली की तिथूनच पुढे. तिचीही नजर डावीकडेच. आईच्यापेक्षा जराशी वर.

दुपारी अपेक्षाने दोन्ही चित्रणं लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावली.

"नीतू, डावीकडे काय होतं तिथे?"

"कुछ नहीं, ताई. भिंत."

तिसऱ्या दिवशी तिने मांडणी बदलली. स्वतः डावीकडे बसली. आईची नजर निमूट उजवीकडे गेली, आज कंबरेच्या वर. शूटिंग संपल्यावर अपेक्षाने भिंतीला टेप लावून माप घेतलं आणि वहीत लिहिलं: पहिला दिवस दोन फूट, काल अडीच, आज साडेतीन. भीती वाटायला हवी होती. गार पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटांना चिमटा काढावा, तसं काहीसं झालं, आणि तेवढंच.

"कोणाकडे पाहून राहिली तू?" तिने विचारलं.

"तुह्याकडेच त पाहून राहिली," आई म्हणाली.

चौथ्या दिवशी मावशी ऑटोने आली. वीस वर्षांनी या दारात पाऊल. आईने पाणी दिलं, मावशीने घेतलं. दोघी दिवाणाच्या दोन टोकांना बसल्या. अपेक्षाने कॅमेरा सुरू केला. दोघींच्या नजरा एकदमच उचलल्या गेल्या आणि तिच्या डोक्यावरून पलीकडे स्थिरावल्या.

"बस ना वो," आई म्हणाली. "उभी कावून आहेस?"

"आई, मी बसलीच आहे."

"तुले नाही म्हनलं."

मावशीने पदर सारखा केला. डोक्यावर पंखा घरघरत होता. मग तीच बोलली. "आमी तिघी होतो. हे मोठी, मी लहान. मधात एक."

"तिले घेऊन तलावावर गेलो," आई म्हणाली. "मी अकराची होतो. दोघीच घरी आलो."

"मग?"

"मायनं दोन ताटं वाढली. बाबानं दोनच बिस्तरे टाकले. कोनी इचारलंच नाही. दुसऱ्या दिवशीबी नाही."

"शाळेतबी नाही," मावशी म्हणाली. "वीस वर्सांमागं मी हिले म्हनलं, मले तिचं नाव आठवत नाही, तू सांग. त हे म्हने, कोनाचं?"

आईने मान खाली घातली नाही. "मलेबी येत नव्हतं," ती म्हणाली. "आताबी येत नाही."

"तलावावर काय झालं?" अपेक्षाने विचारलं.

दोघींनी वर पाहिलं, मोठ्या माणसाला विचारतात तसं.

"नको म्हनते," आई म्हणाली.

अपेक्षाने कॅमेरा बंद केला.

नंतर आई आणि मावशी एका ताटात मुर्रा, म्हणजे मुरमुरे, खात अंगणात बसल्या. अपेक्षाने तेवढ्यात शेवटचा शॉट उरकला. कॅमेरा ट्रायपॉडवर, मागे कोणी नाही. ती आणि नीतू दिवाणावर बसून लेन्समध्ये बघत अकरा मिनिटं आईबद्दल बोलल्या. चांगला टेक झाला, असं दोघींना वाटलं.

सूर्य मावळण्याआधी ती तो तपासायला बसली. स्वयंपाकघरात नीतू चहा गाळत होती.

पडद्यावर दोघी लेन्समध्ये बघत नव्हत्या.

दोघी डावीकडे बघत होत्या. वर.

सहाव्या मिनिटाला बोलणं थांबतं. तिला असं थांबल्याचं आठवत नव्हतं. तिने आवाज पूर्ण वाढवला. फक्त पंखा.

पडद्यावरची नीतू ऐकून घेते आहे. मग हळूच मान हलवते.

"नाही," ती म्हणते. "तलावावरचं ताईला अजून नाही सांगितलं."