सगळ्यात खालचं बटण

भरतीचं पाणी गल्लीत घोट्याच्या वर आलं होतं आणि विजेचा कुकर माझ्या डोक्यावर होता. उत्तर सेमारांगात राहायचं म्हणजे समुद्र असा न बोलावता दारात येतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण त्या दिवशी माझी चप्पल चिखलात रुतली, मी डगमगले आणि कुणीतरी मागून कुकर अलगद उचलून घेतला.

"चप्पल शोधा तुम्ही, ताई. हा मी धरतो."

गल्लीच्या टोकाला बांबूचे कोंब भरून लुंपिया तळणारं दुकान आहे ना, तिथला को बिंग. को म्हणजे दादा, चिनी घरातल्या मुलाला म्हणायचा. आमच्याकडे मनातल्या माणसालाही दादाच म्हणतात, त्याला इलाज नाही. अर्थात तेव्हा मनात वगैरे काही नव्हतं. फक्त त्याचे डोळे... जाऊ दे, चप्पल शोधायची राहिली ती राहिलीच.

कुकर त्याने थेट आमच्या स्वयंपाकघरात आणून ठेवला. तैवानला कामाला असलेल्या मावसबहिणीने तो पाठवला होता. वापरलेला, माहितीपुस्तिका हरवलेला आणि सगळी बटणं चिनी अक्षरांत. मी बटणांकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हटलं, "को, तुम्हीच वाचून द्या ना."

त्याने बटणांवरून बोट फिरवलं. मग एका बटणावर बोट ठेवून म्हणाला, "हा... मासा."

मला मासाच हवा होता. आई आयुष्यभर बांदेंग विकत आली. चवीला गोड मासा, पण काटे बघाल तर नको तो मासा असं होतं. हळद, लसूण आणि आलं लावून केळीच्या पानावर दाबाखाली इतका शिजवायचा की काटासुद्धा बिस्किटासारखा चावता यावा. पण चुलीवरचं ते अवजड भांडं उचलून उचलून आईचा खांदा कामातून गेला होता. सुराबायाला राहणारा माझा सख्खा दादा म्हणाला, बास झालं, दुकान बंद करा आणि दोघी माझ्याकडे या. मी हट्टाला पेटले. शेवटी असं ठरलं, की महिनाअखेरच्या रविवारी तो येणार, नव्या कुकरातला मासा खाणार आणि एक जरी काटा टोचला तरी आम्ही सामान बांधायचं. आई हो म्हणून मोकळी झाली. मला सेमारांग सोडायचं नव्हतं. मरेपर्यंत नाही.

पहिल्या दिवशी 'मासा' दाबला. मांसाचा झाला लगदा आणि काटे तसेच, सुईसारखे. को बिंग समोर बसून मुकाट्याने खात होता. मध्येच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. घशात काटा अडकला होता आणि तरी मान डोलावून छान म्हणत होता. आईने त्याला कोरड्या भाताचा मोठा घास गिळायला लावला आणि मला म्हणाली, "शिट्टी नाही, वाफ नाही, वेनिंग, हा कसला मेला मुका कुकर."

दुसऱ्या दिवशी त्याने दुसरं बटण दाखवलं. मासा पुन्हा फसला. तो मात्र रोज संध्याकाळी दुकान आवरून यायचा, कुकरला कान लावून बसायचा, आणि आमचे हात एकाच वेळी झाकणाकडे गेले की दोघंही मागे घ्यायचो. मला ते आवडायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू. पण एके दिवशी माझ्या लक्षात आलं, काल ज्याला तो सूप म्हणाला होता त्याच बटणाला आज कोंबडी म्हणतोय.

"एक अक्षर तरी येतं का रे तुला?" 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही.

"नाही," तो म्हणाला.

"मग इतके दिवस—"

"आजोबांच्या काळात चिनी शाळा बंद झाल्या. बाबांना येत नाही, मला कुठून येणार? पण माझं तोंड बघून जो तो वाचायला देतो. औषधाची बाटली देतात, देवळातली पाटी दाखवतात. सगळ्यांना नाही म्हणून सांगतो मी. तू विचारलंस तेव्हा... नाही म्हणवेना."

मला राग आला. माझं घरदार जायची वेळ आली होती आणि हा पठ्ठ्या अंदाजपंचे बटणं दाबत होता! पण त्याचं तोंड बघून अक्षरं वाचायला देणारी मीच होते, हे कसं नाकारू? थोडी लाज वाटली. आधी रागावून घेतलं, मग लाजले.

"खड्ड्यात गेली अक्षरं," मी म्हटलं. "आता हाताने शिकायचं. आणि परत खोटं बोललास तर त्या कुकरात तुला घालीन."

एकेका बटणावर नेलपॉलिशचा वेगळा ठिपका दिला. रोज एक बटण, रोज एक मासा. झाकणावरची पिन वर आली की दाब धरला, खाली बसली की उतरला, हे कळलं. सगळ्यात खालचं बटण सगळ्यात जास्त वेळ चालतं, हेही कळलं. त्यावर काटे विरघळले! पण मी घाईने वाफ सोडली आणि माशाची कातडी टराटरा फाटली. मला रडू आलं. पुढच्या खेपेला को बिंगने माझा हात धरून झाकणापासून बाजूला घेतला. "हात नको लावू. तिची ती बसू दे पिन." पिन बसली तरी त्याने हात सोडला नव्हता. मीही मागितला नाही.

रविवारी दादा आला. को बिंगला मीच जेवायला बोलावलं होतं. दादाने पहिला घास सावकाश चावला, मग मासा पाठीच्या कण्यासकट कुडुमकुडुम खाल्ला आणि पान पुन्हा पुढे केलं. आईने डोळे पुसले. दुकान राहणार, हे कुणी बोलून दाखवलंच नाही.

मग दादाची नजर को बिंगकडे वळली. "बटणं तुम्ही वाचून दिलीत म्हणे?"

माझा जीव टांगणीला लागला. हो म्हणाला असता तर निभावलंही असतं.

"नाही. मला चिनी वाचता येत नाही," तो म्हणाला.

"मग तुम्ही रोज इथे कशाला येता?"

"वेनिंगसाठी." त्याचे कान लाल झाले होते, पण आवाज नीट होता. "आधीही तिच्यासाठीच आलो होतो. कुकर निमित्त होता."

आई उठली. तिने को बिंगच्या पानातला पोटाचा मऊ तुकडा काढून घेतला आणि तिथे शेपूट ठेवली. त्याचा चेहरा पडला. बिचारा पान सरकवून उठायला लागला.

"अरे बस," मी त्याची बाही धरली. "पोटाचा तुकडा आमच्याकडे पाहुण्याला देतात. शेपूट घरच्यांची असते."

तो पुन्हा खाली बसला.

"खा," मी म्हटलं. "मला तू हवा आहेस."