कालचा शब्द

बसा. एक काज तेवढं राहिलंय, तुमचा कोट लगेच देते. दार उघडंच असू द्या. फक्त त्या स्टुलावर बसू नका, इकडे खुर्चीवर या. का, ते सांगते, पण दिवेलागणीच्या आत सांगून संपवायला हवं. मापाची पट्टी मी ही इथे यंत्राशेजारी ठेवतेय, बघून ठेवा.

त्या दिवशी काळा दोरा संपला म्हणून मी बाजारात गेले होते. माझा धाकटा भाऊ लढाईवरून परत आला होता आणि त्याचा फौजी कोट उसवून मी त्यातून साधा, चारचौघांसारखा कोट शिवत होते. म्हटलं, अंगावरून उतरलं की मनावरूनही उतरेल. शिंपिणीची अक्कल ती, कापडाच्या पलीकडे जात नाही.

तो आला तेव्हा धडधाकट होता. हातपाय जागेवर, अंगावर साधा ओरखडा नाही. शेजारी म्हणाले, नशीब काढलंत. पण दिवस कलला की तो दार आतून लावायचा आणि या स्टुलावर दाराशी बसायचा, माझी ही लांब लाकडी पट्टी मांडीवर आडवी धरून. दिवा लावताना तो घराला एक शब्द द्यायचा. फौजेत तशी रीत असते म्हणे. अंधार पडला की नवा परवलीचा शब्द ठरतो आणि बाहेरून येणाऱ्याला तो सांगता आला तरच आत घ्यायचं. कालचा शब्द आज चालत नाही.

आम्ही थट्टेवारी नेलं. शब्द तरी कसले, चाळणी, बादली, उशी. आमचे हे विजेच्या खांबांवर काम करतात, घरी यायला उशीर होतो. लग्नाचा वाढदिवस ज्यांच्या लक्षात राहत नाही, ते दाराबाहेर उभे राहून ‘तवा? परात? झारा?’ करत अख्खं स्वयंपाकघर पालथं घालायचे. शेवटी मीच खिडकीतून हळूच सांगायचे. आमची हसून पुरेवाट व्हायची. धाकटा मात्र हसायचा नाही.

तर त्या दिवशी हवा तसा दोरा मिळेना, दोन-चार दुकानं फिरावी लागली. परतले तेव्हा आमच्या खिडकीत दिवा लागलेला. म्हणजे शब्द बदलला होता. मी दार वाजवलं आणि आदल्या संध्याकाळचा शब्द सांगितला, उशी.  आतून फक्त पट्टी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

“अरे, मी आहे, ताई. माझा आवाज ओळखत नाहीस का?”

 मग तो दाराला अगदी तोंड लावून बोलला. “ताई… तुझ्या पायाशी कोण आहे?”

मी खाली पाहिलं. पायरी होती, माझ्या चपला होत्या, दुसरं काही नव्हतं. पण ओल्या चिखलाचा वास येत होता, आणि त्यात कापडावर इस्त्री विसरल्यासारखा करपट वास. मग माझ्या गुडघ्याच्या उंचीवर कुणीतरी दम घेतला. खोकलं. आणि हळू, समजुतीच्या आवाजात म्हणालं,

“शिंपला.”

रागाचा मागमूस नव्हता त्यात. आपल्याला यायला उशीर झाला हे ठाऊक असलेल्या माणसाचा आवाज होता. मी दाराला चिकटले, दोऱ्याची पुडी हातातून कधी पडली ते कळलं नाही. आत धाकटा हमसून हमसून रडत होता. शेवटी त्याने दार फटीएवढं उघडलं, मला दंडाला धरून आत ओढलं आणि कडी घातली. शिंपला हा शब्द त्याने आम्हाला कधीच दिला नव्हता.

त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा लढाईविषयी बोलला. त्याच्या तुकडीत एक जण होता, आधी शाळेत शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. दोघे एका घोंगडीत झोपायचे. एकदा मास्तर उजेड असतानाच टेहळणीला गेला आणि अंधारात परत आला, जखमी, सरपटत. मधल्या वेळात शब्द बदलला होता. त्याला ठाऊक होता तो जुनाच, शिंपला. पहाऱ्यावर धाकटा होता. त्याने एकदा विचारलं, दोनदा विचारलं, मास्तरने शिंपलाच सांगितलं. मग धाकट्याने गोळी झाडली.

मी म्हटलं, अंधारात चूक कुणाच्याही हातून होते.

“चूक कुठली?” तो म्हणाला. “मी आवाज ओळखला होता, ताई. खोकला त्याचाच होता. शब्द चुकला तर गोळी, असा हुकूम होता. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली माझी. डोळ्यांत तेल घालून पहारा केला म्हणाले.” मग खूप हळू म्हणाला, “चूक असती ना, तर मला झोप आली असती.”

आमचे हे घरी आल्यावर मी सगळं त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, उद्यापासून शब्द नाही, कडी नाही, दार सताड उघडं ठेवू. धाकट्याने नाही म्हणून मान हलवली. बदली माणूस आल्याशिवाय पहारेकऱ्याला जागा सोडता येत नाही, एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्याने दिवा लावला, पण आम्हाला शब्द दिला नाही. मी कोटाला बाही जोडत होते. पायरीवर सरपटल्यासारखं वाजलं, वास आला, आणि दाराच्या खालच्या फटीतून आलं, “शिंपला.”

धाकटा गुडघ्यांवर बसला. फटीशी तोंड नेऊन म्हणाला, “मास्तर, आजचा शब्द बदली आहे.”

 बाहेरून तोच समजुतीचा आवाज, “बदली.”

धाकट्याने दार उघडलं. पायरीवर कुणी नव्हतं. पण दिव्याची ज्योत आतल्या बाजूला वाकली, जणू कुणी तिच्याजवळून आत गेलं. धाकट्याने पट्टी स्टुलावर आडवी ठेवली, मला म्हणाला, “सुटलो, ताई,” आणि जाऊन आडवा झाला. इतकी गाढ झोप मी त्याच्या लहानपणीच पाहिली होती. मी त्याच्या अंगावर तो नवा कोट घातला.

तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. लोक म्हणाले, सुखाने गेला. खरं सांगते, रडता रडता मलाही तसंच वाटलं, की मास्तरने माफ केलं आणि पोराची सुटका झाली.

त्याला पोचवून आलो त्या संध्याकाळी दार उघडंच होतं. दिवा लावला आणि पायरीवर वाजलं.

“बदली,” कुणीतरी म्हणालं. माझा धाकटा.

मी धावले. पायरी रिकामी, नुसता चिखलाचा वास. आणि माझ्या पाठीमागे, घरात, या स्टुलावरून कुणीतरी खोकलं आणि हळू आवाजात म्हणालं, “हा कालचा शब्द झाला.”

तेव्हापासून रोज हेच चाललंय. मी त्याला म्हणते, दार उघडं आहे रे, ये आत. तो येत नाही. फौजी माणूस, शब्दाशिवाय कसा येईल? तो एकच शब्द सांगत राहतो आणि आतून तेच उत्तर मिळतं. रोजचा नवा शब्द आम्हाला कुणी सांगत नाही. मग मी खिडकीशी उभी राहून त्याला एकेक पुरवते, पूर्वी यांना पुरवायचे तसे. स्वयंपाकघर केव्हाच संपलं. आता शिवणाचं सामान चालू आहे, सुई, कात्री, अंगुस्तान, गुंडी. तो आशेने एकेक म्हणून बघतो बिचारा.

हा घ्या कोट, झाला. निघा आता, उजेड गेला. आणि ती पट्टी… मी तुमच्यादेखत यंत्राशेजारी ठेवली होती ना? तुम्हीही उठला नाहीत, मीही उठले नाही. बघा, स्टुलावर आडवी आहे.

जाता जाता एक करा. तुमच्या घरातला एखादा शब्द सांगून जा. आमच्या घरातले संपत आलेत.